स्की प्रेसचा दाब: हवा भरून व्हॉल्व्ह बंद करू नका

स्कीचे थर चिकटेपर्यंत दाबून धरणाऱ्या प्रेसच्या होजमध्ये (हवेने फुगणाऱ्या कापडी नळीत) ४५ पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरली, बॉल व्हॉल्व्ह बंद केला, हीटिंग ब्लँकेट (थर तापवणारी चादर) चालू केल्यावर गेजचा काटा ५२ वर चढला आणि सकाळी प्रेस गार झाल्यावर ३७ वर दिसला. तर होज बदलावा का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात नको. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

चढलेला दाब निव्वळ उष्णतेचा. कोंडलेल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या) प्रमाणात वाढतो. गेजवरचे ४५ म्हणजे वातावरणाचा दाब धरून जवळपास ६०. हवा २५ अंशांवरून ६० अंशांवर गेली की त्या ६० चे ६७ होतात, म्हणजे गेजवर ५२. गार झाल्यावर काटा पुन्हा ४५ वर यायला हवा होता. तो ३७ वर आला, ती गळती. होज नवा असेल तर सुरुवातीला कापड थोडं ताणतं, त्याचाही वाटा धरा.

आता उपाय. होज शंभर टक्के हवाबंद करण्याच्या मागे लागू नका. व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि रेग्युलेटर (दाब ठरवलेल्या आकड्यावर धरून ठेवणारं उपकरण) पूर्ण वेळ जोडलेला राहू द्या. रेग्युलेटर रिलीव्हिंग प्रकारचा घ्या: दाब वाढला की तो जादा हवा सोडतो, कमी झाला की कंप्रेसरच्या टाकीतून भरून घेतो. टाकीच्या ज्या दाबाला कंप्रेसर पुन्हा सुरू होतो, तो तुमच्या ४५ पेक्षा बराच वर असला की झालं. वीज गेली तर हवा मागे जाऊ नये म्हणून नॉन रिटर्न (एकाच दिशेने हवा जाऊ देणारा) व्हॉल्व्ह लागतोच, पण तो रेग्युलेटरच्या आधी, कंप्रेसरच्या बाजूला बसवा. बरेच जण तो होजला लागून बसवतात आणि मग तापलेल्या हवेला रेग्युलेटरमधून बाहेर पडायला वाटच उरत नाही.

गेज मात्र होजवर बसवा, शक्यतो हवा शिरते त्याच्या विरुद्ध टोकाला. ०–१०० चा घ्या; ०–३०० च्या गेजवर चार-पाच पीएसआयचा फरक डोळ्याला कळतही नाही.

गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं. आधी फिटिंगचे आटे बघा, मग होजची टोकं दाबणाऱ्या पट्ट्या. पट्टीचे बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे करत आवळा.

खरं सांगायचं तर ४५ चे ४२ झाले म्हणून स्की बिघडत नाही. रेझिन (थर चिकटवणारा गोंद) घट्ट व्हायच्या आत दाब गेला तर मात्र थर सुटतात. आणि गरम असतानाच दाब सोडला तर कॅम्बरचा (स्कीच्या मधल्या भागाच्या कमानीचा) भरवसा नाही. खोलीच्या तापमानाजवळ येईपर्यंत थांबा.

एका जागी चिकटलंय नि दुसरीकडे नाही, अशी तक्रार असेल तर दोष हवेचा नाही. होजमध्ये हवा सगळीकडे सारखीच दाबते. फरक पडतो होज किती फुगतो त्याने. सपाट असताना १५ सेंमी रुंद असलेला होज ४ सेंमी फुगला की जेमतेम ९ सेंमी रुंदीवर टेकतो. दीड सेंमीच फुगला तर साडेबारा सेंमीवर. म्हणून प्रेसमधली मोकळी जागा फळ्या घालून भरून काढा. हवाही कमी लागते. हवा कमी म्हणजे बारीक गळतीनेही काटा भराभर उतरतो, रेग्युलेटर जोडलेला ठेवायचं हे आणखी एक कारण.

सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय प्रेस चालवू नका. २ मीटर लांब नि ३० सेंमी रुंद भागावर ४५ पीएसआय म्हणजे सुमारे १९ टन जोर, तोही दाबलेल्या हवेचा. सेफ्टी व्हॉल्व्ह कामाच्या दाबाच्या थोडा वर, पण होज आणि सांगाडा या दोघांत जो कमकुवत असेल त्याच्या मर्यादेच्या खाली उघडणारा हवा. तो थेट होजवर बसवा, मध्ये बंद करता येणारा कुठलाही व्हॉल्व्ह नको. पहिली चाचणी होज प्रेसमध्येच ठेवून पाणी भरून करा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टोक सुटलं तर जमीन ओली होते, पट्टी उडून अंगावर येत नाही. हवा भरताना टोकांसमोर उभं राहू नका.