नागपूरच्या जुन्या घरासाठी कोणत्या टाइल्स घ्याव्यात?

मानेवाड्यातलं १९९६ सालचं दोन माळ्यांचं घर, सगळीकडे मोझेक फरशी, आणि आता हॉल, स्वयंपाकघर, दोन्ही बाथरूम नि गच्ची नव्याने करायची आहे. कोणत्या टाइल्स घ्याव्यात आणि कोणती डिझाइन शोभेल, असं तुम्ही विचारलंय. घरात आई ७४ वर्षांच्या आहेत हे अगदी शेवटी लिहिलंय. मी मात्र उत्तर लिहिताना तीच गोष्ट सगळ्यात आधी धरली आहे.

आमचं प्रतापनगरचं घरही साधारण त्याच काळातलं. २०१९ मध्ये आम्ही वरचा माळा केला, दोन वर्षांनी खालचा. मधल्या काळात जे घडलं त्यामुळे खालचं काम करताना आमचं सगळं मत बदललेलं होतं, म्हणून आधी ते सांगते.

मे महिना, दुपारचे अडीच-तीन. खाली कूलर सुरू, सगळे पडलेले. एकाएकी वरून मोठा फटाका फुटावा तसा आवाज आला. धावत वर गेलो तर पश्चिमेच्या खोलीत मधोमध दोन फरश्या एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या. एक उचलली तर तिची पाठ कोरी होती. कारखान्याचा छापसुद्धा स्पष्ट वाचता येत होता. खाली चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे मसाल्याचे पाच वाळके गोळे. फरशी महाग होती, डिझाइन सगळ्यांना आवडलेलं होतं. पण तिला धरून ठेवणारं खाली काहीच नव्हतं.

हे का होतं ते समजून घेतलंत तर निम्मी निवड आपोआप सोपी होईल. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल पाणी भरपूर पिते, स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त. म्हणून मिस्त्री ती आधी टाक्यात भिजत घालतात आणि ती सिमेंटला घट्ट धरते. व्हिट्रिफाइड म्हणजे भट्टीत भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल, तिचं पाणी पिणं ०.५ टक्क्याच्या आत असतं. म्हणूनच तिच्यावर डाग बसत नाहीत, आणि म्हणूनच नुसत्या सिमेंटच्या स्लरीला (पाण्यात कालवलेल्या पातळ सिमेंटला) ती नीट धरत नाही. त्यात आपलं ऊन. फरशी आणि खालचा स्लॅब वेगवेगळ्या मापाने फुगतात. २० फुटांच्या खोलीत २५ अंशांचा फरक पडला तर फरशी साधारण एक मिलिमीटर वाढते. सांधे बंद, कडेला भिंतीला घट्ट टेकवलेली, मग तो एक मिलिमीटर जाणार कुठे? वरच.

त्यामुळे व्हिट्रिफाइड घ्यायची असेल तर टाइल अॅडहेसिव्हनेच, म्हणजे टाइल चिकटवायच्या खास मसाल्यानेच लावा. दातेरी थापीने पूर्ण पाठीला, गोळे ठेवून नाही. दोन फरश्यांत सारखी फट राहावी म्हणून २ ते ३ मिलिमीटरचे स्पेसर, आणि भिंतीच्या कडेला ६-८ मिलिमीटर मोकळी जागा, जी नंतर स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली) झाकली जाते. मिस्त्री म्हणेल, "ताई, आम्ही वीस वर्षांपासून असंच लावतो न जी, काही होत नाही." तो खोटं बोलत नसतो. वीस वर्षांपूर्वी एक फूट बाय एक फुटाच्या टाइल्स लागायच्या, आता दोन बाय चारच्या लागतात. पहिल्या दिवशी त्याच्यासमोर लावलेली एक फरशी लगेच उचलून पाठ बघा. सगळीकडे अॅडहेसिव्ह लागलेलं दिसलं तरच पुढे जाऊ द्या. वाळल्यावर नाण्याने किंवा लाकडी दांडीने ठोकत फिरा. पोकळ वाजली ती फरशी त्याच आठवड्यात बदलून घ्या.

माझा तुम्हाला मनापासून सल्ला असा: फरशीचं बजेट चौरस फुटामागे थोडं कमी करा आणि ते पैसे अॅडहेसिव्ह, एपॉक्सी ग्राउट (सांध्यांत भरायचा पक्का मसाला) आणि चांगल्या कारागिराकडे वळवा.

आता तुमच्या मोझेकबद्दल. ती काढायची घाई करू नका. आधी सगळीकडे ठोकून बघा. फरशी जागेवर घट्ट असेल, खचलेली नसेल, तर हॉलमध्ये ती ठेवून नुसतं मशीन पॉलिश करून घेण्याचा विचार करा. मोझेक म्हणजे सिमेंटमधले संगमरवराचे तुकडे. वरचा थर घासला की खालून पुन्हा तोच ताजा रंग निघतो. जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत घासाई, मधे बारीक भोकं भरणं, शेवटी पॉलिश, असं काम असतं. दोन-तीन दिवस घरभर चिखलाचं पाणी होतं, पण नव्या फरशीच्या मानाने खर्च फारच थोडा. आम्ही देवघर आणि बंगईची खोली अशीच ठेवली. सासूबाईंनी स्वतः १९९३ मध्ये निवडलेली हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांची फरशी आहे ती, आणि उन्हाळ्यात दुपारी अंग टाकायला घरातली तीच जागा सगळ्यांना हवी असते.

नवीनच टाकायची असेल तर मोझेकवर अॅडहेसिव्हने टाइल लावता येते. आधी जुनं पॉलिश घासून टाचे मारून घ्यावे लागतात. तोडफोड वाचते, मलबा वाचतो. पण पातळी १२ ते १५ मिलिमीटरने वर येते, याचा हिशेब आधी करा. दरवाजे खालून रंधावे लागतील, हे सगळेच सांगतात. जिन्याचं कोणी सांगत नाही. खालच्या माळ्याची पातळी वाढली की जिन्याची पहिली पायरी बुटकी होते, वरच्या माळ्याची वाढली की शेवटची उंच होते. पाय सवयीने पडतो आणि ७४ व्या वर्षी एवढा फरकही ठेच लागायला पुरतो. एकतर जिनाही त्याच वेळी करा, नाहीतर वरच्या माळ्यावर जिन्याजवळची पट्टी जुन्याच पातळीला ठेवून हलका उतार द्या.

खालच्या माळ्यावर कुठे फरशी खचली असेल, तर मात्र वरून टाइल लावू नका. नागपूरच्या बऱ्याच वस्त्यांत काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. जोत्यात भरलेला मुरूम नीट ठोकलेला नसेल तर तेवढा भाग बसतो. ती जागा उकरून, मुरूम धुम्मस करून, काँक्रीट टाकून मगच फरशी.

हॉल आणि खोल्यांसाठी दुकानात तुम्हाला डबल चार्ज, जीव्हीटी, पीजीव्हीटी ही नावं ऐकू येतील. जीव्हीटीत डिझाइन वर छापलेलं आणि त्यावर चकाकीचा पातळ थर असतो, त्यामुळे संगमरवर, लाकूड, काहीही दिसतं. पीजीव्हीटी म्हणजे त्याचीच पॉलिश केलेली चकचकीत जात. डबल चार्जमध्ये रंगाचा थर ३-४ मिलिमीटर जाड असतो. डिझाइन साधी मिळतात, पण खुर्च्या ओढल्या, दिवाण सरकवला तरी वर्षानुवर्षं रंग जात नाही. जिथे ये-जा जास्त तिथे मी डबल चार्ज घेईन, झोपायच्या खोलीत मॅट जीव्हीटी.

रंग निवडताना आपल्याकडची धूळ लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वावधान उठलं की खिडक्या लावेपर्यंत घरभर थर बसतो. काळ्या, गडद तपकिरी चकचकीत फरशीवर प्रत्येक पाऊल उमटतं. पांढऱ्याशुभ्र फरशीवर केस दिसतात. बदामी, फिकट राखाडी, हलकी शिर असलेली फरशी दिवसभर स्वच्छ दिसते. नमुना शोरूमच्या दिव्याखाली पाहून ठरवू नका. एक फरशी विकत घेऊन घरी आणा, जमिनीवर ठेवा, सकाळी, दुपारी चारला आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये बघा. शोरूममध्ये उभी लावलेली फरशी आणि घरात पायाखाली पडलेली फरशी यांचा रंग वेगळा वाटतो, हे मी तीनदा अनुभवलंय.

त्याच नमुन्यावर कूलरच्या टाकीतलं पाणी सांडून वाळू द्या. बोअरचं पाणी असेल तर पांढरे चट्टे उठतील. गडद फरशीवर ते दुरून दिसतात, फिकट मॅटवर दिसत नाहीत. कूलरच्या खिडकीखालची जागा चार महिने ओलीच असते. तिथे चकचकीत फरशी नकोच.

बाथरूमबद्दल मी हट्टी आहे. जमिनीला एक बाय एक फुटाची मॅट, अँटी-स्किड टाइल, आणि दुकानदाराला आर १० किंवा आर ११ आहे का ते विचारा. हा घसरण-रोधाचा आकडा आहे, जितका मोठा तितकी पकड जास्त. मोठ्या टाइल्स बाथरूमच्या जमिनीला छान दिसतात, पण नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे, चारही बाजूंनी ढाळ द्यायचा तर लहान टाइलच लागते. मोठ्या फरशीला एका बाजूनेच उतार मिळतो आणि कोपऱ्यात पाणी थांबतं. ६ फुटांच्या लांबीत २० मिलिमीटरच्या आसपास ढाळ पुरतो. जुनी फरशी काढल्यावर वॉटरप्रूफिंग करून घ्या, ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या छताला ओल येते का पाहा. हे झाल्याशिवाय टाइलचं खोकं उघडू देऊ नका. खाली गळती निघाली की नवी फरशी फोडण्याशिवाय इलाज नसतो. आणलेल्या नमुन्यावर साबणाचं पाणी टाकून आईंना, हात धरून, अनवाणी उभं करा. त्यांच्या पायाला जे कळतं ते आपल्याला बघून कळत नाही.

भिंतीला साधी सिरॅमिक पुरते, तिथे व्हिट्रिफाइडवर खर्च करायची गरज नाही. फक्त काळी, गडद निळी घेऊ नका. खाऱ्या पाण्याचे ओघळ रोज पुसावे लागतील.

स्वयंपाकघरात ओट्याला ग्रॅनाइट ठेवा, मागे भिंतीला गुळगुळीत टाइल. उठावदार नक्षीत फोडणीचं तेल आणि हळद जाऊन बसते. खरा प्रश्न सांध्यांचा असतो. पांढरं सिमेंट भरलेल्या सांध्यात हळद एकदा गेली की गेलीच. इथे एपॉक्सी ग्राउट घ्या, जरा राखाडी छटेचं. भरताना फरशीवर सांडलेलं लगेच पुसायला लावा, वाळल्यावर त्याची साय निघत नाही. आमच्याकडे सावजी रस्सा होतो, चार वर्षांत सांध्यांचा रंग बदललेला नाही.

कोटा, शहाबादी, संगमरवर यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणी ना कोणी सुचवेलच. कोटा जिन्याला आणि मागच्या पडवीला उत्तम, पायाला थंड, टिकाऊ. मात्र हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, कोकमाचं पाणी सांडलं की चमक खाल्ली जाते, आणि अॅसिडने धुतलं तर दगडच पांढरट पडतो. स्वयंपाकघरात म्हणून नको.

गच्चीवर टाइल निवडताना शोभा विसरून जा. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंश नोंदलेत. अशा दिवशी गडद गच्ची म्हणजे वरच्या माळ्यावर रात्रभर तवा. पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझेक ही जुनी पद्धत मला आजही सगळ्यात पटते. ऊन परत फेकते, लहान तुकडे असल्याने सगळीकडे नीट ढाळ मिळतो, आणि तुकड्यांमधल्या असंख्य सांध्यांमुळे फुगण्याचा त्रास होत नाही. त्याखाली वॉटरप्रूफिंग हवंच. अंगणात आणि गाडीच्या जागेतही फिकट, जाड, खरखरीत पार्किंग टाइल्सच घ्या. दुपारी तुळशीला पाणी घालायला अनवाणी गेलात की कारण कळेल.

काम शक्यतो दिवाळीनंतर काढा. उन्हाळ्यात अॅडहेसिव्ह पसरवल्यावर पंधरा-वीस मिनिटांतच वरून साय धरतं आणि मग फरशी चिकटल्यासारखी दिसते, चिकटत नाही.

मोजणी अशी: दोन बाय दोनच्या खोक्यात बहुतेक ४ फरश्या येतात, दोन बाय चारच्या खोक्यात २, दोन्हींत सुमारे १५.५ चौरस फूट. तुमचा हॉल १२ बाय १५ असेल तर १८० चौरस फूट, तुटफुटीचे १० टक्के धरून १९८, म्हणजे १३ खोकी. तिरपी मांडणी केली तर आणखी लागतील. त्यावर एक खोकं जास्त घ्या आणि सज्ज्यावर टाकून ठेवा. सगळ्या खोक्यांवर शेड नंबर आणि बॅच नंबर एकच आहे ना, हे माल टेम्पोतून उतरतानाच तपासा. लावायला सुरुवात झाली की दुकानदार बदलून देत नाही. आमच्या त्या दोन उडालेल्या फरश्या बदलताना त्याच नावाची टाइल मिळाली होती, पण छटा वेगळी. पश्चिमेच्या खोलीत ते दोन चौकोन अजून ओळखू येतात. तेव्हा खोक्यावरच्या त्या आकड्यांचा फोटो बिलासोबत मोबाइलमध्ये जपून ठेवा.