व्होटानचा लंबक

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

जर्मनीतल्या बायरॉइटच्या नाट्यगृहात झालेल्या, वाग्नरच्या 'रिंग' या चार ऑपेरांच्या मालिकेचे चित्रीकरण तू पाहायला घेतलेस आणि पहिल्याच प्रसंगात ऱ्हाइन नदीऐवजी जलविद्युत धरण दिसताच बंद केलेस, असे तुझ्या पत्रात आहे. देवांच्या कथेत धरण कशाला, हा प्रश्न रास्त आहे. 1976 साली तिथल्या प्रेक्षकांनी तो शिट्ट्या वाजवून आणि आरडाओरडा करून विचारला होता. या चारही ऑपेरांचा संपूर्ण प्रयोग तिथे 1876 साली प्रथम झाला, आणि शताब्दीचा प्रयोग पात्रीस शेरो या 31 वर्षांच्या फ्रेंच दिग्दर्शकाकडे सोपवण्यात आला. वाग्नरने ही कथा रचली तो काळ कारखान्यांचा होता आणि शेरोने त्याच काळाची सावली रंगमंचावर आणली. कथेतला बुटका अल्बेरिख प्रेमाला शाप देऊन नदीतले सोने लुटतो, कारण त्याला सत्ता हवी असते. नदी अडवून तिच्यातून शक्ती काढणारे धरण त्या लुटीशेजारी मला मुळीच परके वाटत नाही. तेव्हा पुन्हा सुरुवात कर. एका संध्याकाळी एकच अंक पाहा, पण संहितेचा अनुवाद आधी वाचून आणि मध्ये न उठता.

तुला नाटकांचे चित्रीकरण करायचे आहे, म्हणून 'दी वाल्क्यूरे' या दुसऱ्या ऑपेराच्या दुसऱ्या अंकाकडे तुझे खास लक्ष वेधतो. देवांचा राजा व्होटान आपली कोंडी आपल्या मुलीपाशी, ब्र्युनहिल्डपाशी, बोलून दाखवतो. ते स्वगत फार लांब आहे आणि बराच वेळ जवळजवळ कुजबुजीतच चालते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याची चुळबुळ होते. शेरो आणि नेपथ्यकार रिशार पेदुझी यांनी तिथे एक मोठा आरसा ठेवला आणि वरून एक लंबक सोडला. व्होटान बोलत राहतो, लंबक डोलत राहतो, आणि आता मला एकच गोष्ट हवी आहे, शेवट, असे म्हणताना तो हाताने लंबक थांबवतो. तो थांबलेला लंबक काळजात रुततो, कारण त्याचे डोलणे आपण कितीतरी वेळ पाहिलेले असते. कॅमेरा सगळा वेळ चेहऱ्यांवरच फिरत राहिला असता, तर तिथे काय थांबले हेच कळले नसते.

हे मी चुकून शिकलो. एका संगीत नाटकाच्या चित्रीकरणात नायकाची तान सुरू झाली आणि मी हौसेने तबलजीच्या बोटांवर गेलो. परत आलो तोवर नायिकेने मान फिरवून डोळे टिपले होते. प्रयोग एकच होता. तो क्षण माझ्या चित्रीकरणात नाही, आणि त्याची रुखरुख आजही आहे.

1979 आणि 1980 साली हे चित्रीकरण करणारा ब्रायन लार्ज हा संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेला माणूस होता. दृश्य कुठे बदलायचे हे गाण्याचा श्वास कुठे संपतो यावर ठरते, आणि तो श्वास स्वरलिपीतच सापडतो. तू स्वरलिपी वाचायला शीक. नव्या भिंगांचे नंतर पाहू.

जवळून पाहण्याचेही मोल आहे, हे त्याच अंकाच्या शेवटी कळेल. व्होटानच्या भाल्यावर त्याच्याच मुलाची, झीगमुंडची, तलवार मोडते आणि झीगमुंडचा शत्रू हुंडिंग त्याला मारतो. वाग्नरच्या संहितेत इथे बापलेकांची मिठी नाही. शेरोचा व्होटान मात्र मरणाऱ्या मुलाला कवटाळतो आणि झीगमुंड आपल्या बापाला ओळखतो. व्होटान आणि झीगमुंड साकारणाऱ्या डोनल्ड मॅकिन्टायर आणि पीटर होफमान या गायकांचे त्या वेळचे चेहरे नाट्यगृहात शेवटच्या रांगेला दिसले नसतील, तुला दिसतील.

'ग्योटरडेमरुंग' या शेवटच्या ऑपेराच्या अखेरीस सगळे जळून जाते, आणि झीगमुंडची बहीण झीगलिंड हिने 'दी वाल्क्यूरे'च्या तिसऱ्या अंकात एकदाच गायलेली सुरावट व्हायोलिनांवर परत येते. रंगमंचावर जमलेली साधी माणसे तेव्हा हळूहळू वळून आपल्याकडे पाहू लागतात. हे चित्रीकरण प्रेक्षकांविना झालेले आहे. त्यांच्यासमोर रिकाम्या खुर्च्या होत्या आणि कॅमेरे. तिथवर पोहोचलीस की त्या घटकेला तू कॅमेरा कुठे ठेवला असतास, ते मला सविस्तर लिहून पाठव.

तुझा,
शुभचिंतक