गुडघ्याखाली पाय गेलेल्या माजी सैनिकासाठी 'कॉम्प्युटरवाला पाय' घ्यावा का?

तुमचा प्रश्न वाचला. मोठे भाऊ सैन्यातून निवृत्त, सुरुंगात उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला, गाव दारव्हा तालुक्यात, घरी कोरडवाहू शेती. मुलाने मोबाईलवर कॉम्प्युटरवाला पाय पाहिला आणि आता त्यासाठी कर्ज काढायचं घाटतंय. जरा थांबा. माझाही डावा पाय तसाच गेलाय, आणि मीही यवतमाळ जिल्ह्यातल्याच काळ्या मातीत चालतो.

तो कॉम्प्युटर बहुतेक वेळा गुडघ्यात असतो. सेन्सर चाल ओळखतात आणि सांधा कधी ताठ, कधी सैल ठेवायचा ते मायक्रोप्रोसेसर ठरवतो. मांडीतून पाय गेलेल्या जवानाला त्याचा फार मोठा आधार आहे, उतारावर गुडघा अचानक दुमडत नाही. पण भाऊंचा स्वतःचा गुडघा शाबूत आहे. त्यांना तो लागतच नाही.

वेळ आणि पैसा घालायचा तो सॉकेटवर, म्हणजे स्टंप (पायाचा उरलेला भाग) ज्यात बसतो त्या साच्यावर. सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट दुपारी सैल होतं, कारण दिवसभराच्या दाबाने स्टंप आकसतो. म्हणून वावरात जाताना माझ्या खिशात स्टंपवर चढवायचा एक जादा मोजा असतोच. धुऱ्यावर बसायचं, पाय काढायचा, मोजा चढवायचा, पुन्हा उभं राहायचं. मे महिन्यात सिलिकॉनचं लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचं मऊ आवरण, काढून पालथं केलं की घाम टपकतो. तो वेळीच पुसला नाही तर पाय आतल्या आत फिरतो आणि कातडं सोलतं. रात्री हातात आरसा धरून स्टंपचा तळ बघायला भाऊंना सांगा. पाय काढल्यावर लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, तर सॉकेट कुठेतरी टोचतंय.

मी एकदा शहरातल्या एका दुकानातून कार्बन फायबरचा भारी पंजा बसवून घेतला होता. पंजा चांगला, सॉकेट ढिलं. स्टंपला जखम झाली आणि दीड महिना कुबड्यांवर गेला. घरचे सगळे सोयाबीन सोंगायला वावरात, मी एकटा ओट्यावर. भाऊंवर ती वेळ येऊ नये, म्हणून एवढं लिहितोय.

तेव्हा आधी पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र गाठा. 1944 पासून ते जखमी सैनिकांसाठी काम करतंय. भाऊंचं ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांशी रेफरलचं बोला. कागदपत्रं अडली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे गेल्यावर नुसतं 'पाय हवा' म्हणू नका. चिखलात चालतो, वखरामागे जातो, जेवायला मांडी घालून बसतो, हे सगळं सांगा. जयपूर फूट हा रबरी कृत्रिम पाय 1960 च्या दशकात रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला, तो अनवाणी चालणारा, उकिडवा बसणारा माणूस डोळ्यापुढे ठेवूनच. पावसाळ्यात आपल्या मातीचे लदे पायाला चिकटतात, तेव्हा रबरी पाऊल धुऊन टाकता येतं. त्यात चार्जिंगची भानगड नाही. आमच्याकडे शेतीची लाइन रात्री येते, त्यामुळे हे मला फार मोलाचं वाटतं.

पडल्यावर घरी फोन लावणारं घड्याळ घ्यायला हरकत नाही, रात्री ओलिताला एकटे जात असतील तर नक्कीच घ्या. फक्त वावराच्या पार टोकाला उभं राहून रेंज तपासा. रेंज नसेल तर तिथे त्याचा उपयोग नाही.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. सुरुंगाच्या स्फोटात पायासोबत कानही जातात. भाऊ टीव्ही मोठा लावतात का, हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करतात का? 'ते हल्ली बोलत नाहीत' असं घरचे म्हणत असतील तर आधी ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, करून घ्या. माझ्या कानात मशीन बसलं त्या दिवशी नातवाचं बोलणं मला पहिल्यांदा शब्दन् शब्द कळलं. पावसाळ्यात ते मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं, नाहीतर ओल धरतं.

भाऊ दिवसातून किती वेळा जादा मोजा चढवतात, ते विचारून इथेच कळवा. सॉकेट बदलायला झालंय का, याचा अंदाज त्यावरून येईल.