माती भिजत घालायचे दिवस

या महिन्यात दोनच पत्रं घेते आहे. पहिल्याला जागा जास्त लागणार आहे.

प्रश्न : मावशी, मी सत्तावीस वर्षांची आहे. नागपूरला मानेवाड्यात आईबाबांसोबत राहते. चित्रकलेची पदवी घेतली आणि आता सीताबर्डीवर एका विम्याच्या ऑफिसात काम करते. रात्री जेवणं झाली की गच्चीवरच्या खोलीत चित्रं काढते. फेब्रुवारीत आम्ही चौघांनी मिळून प्रदर्शन भरवलं. तीन दिवस लोक येत होते, भरभरून बोलत होते, माझी दोन चित्रं विकली गेली. चौथ्या दिवशी उरलेली चित्रं जुन्या चादरींत गुंडाळून ऑटोनं घरी आणली. तेव्हापासून ब्रश हातात धरलेला नाही. चादरीही सोडल्या नाहीत. आता एप्रिल संपत आला.

मला सगळंच फार लागतं. कॉटन मार्केटला एक म्हातारी गाडीखाली चेंगरलेले टमाटर वेचत होती, तर मी ती रात्र जागून काढली. आई म्हणते, "तू इतकं मनाला कायले लावून घेते?" पूर्वी अशा गोष्टींतूनच माझी चित्रं यायची. आता नुसतं लागतं, चित्र येत नाही. झोप तीन-चार तास, जेवणाला चव नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. ती चिठ्ठी स्केचबुकात घडी करून ठेवली आहे, गोळ्या आणल्या नाहीत. एक मित्र म्हणतो, कलाकाराला हे भोगावंच लागतं, व्हॅन गॉगनं गोळ्या घेतल्या असत्या तर ती चित्रं झाली असती का? कधी वाटतं, नोकरी सोडून फक्त चित्रंच काढावीत. मावशी, गोळ्यांनी हे लागणं थांबलं तर चित्रही थांबेल का?

उत्तर : हा अंक तुझ्या हाती पडेपर्यंत आणखी दिवस गेलेले असतील, म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. ती चिठ्ठी स्केचबुकातून काढ आणि गोळ्या घेऊन ये. चिठ्ठी जुनी झाली म्हणून दुकानदारानं परत पाठवलं, तर डॉक्टरांकडे पुन्हा जा. आणि एक स्पष्टच विचारते. आपण नसलो तर बरं, असं मनात येतं का? पत्रात तसं काही नाही, पण तुझ्या वयाची असताना मीही ते कुणाला लिहिलं नसतं. येत असेल तर आज रात्रीच आईला उठवून सांग. तेही जमत नसेल तर १४४१६ हा नंबर लाव. टेलि-मानस म्हणतात त्याला. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्री दोन वाजताही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता तुझा प्रश्न. तो मीही विचारला होता, १९९४ साली, आणि चुकीच्या माणसाला विचारला होता.

माझं माहेर चितार ओळीतलं, बाबा मूर्तिकार. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाबा गेले आणि माझी झोप उडाली. सुरुवातीला ते फार छान वाटलं, खरं सांगते. रात्रभर कारखान्यात दिवा लावून मी मातीचे चेहरे करायची. जिथे बोट लावीन तिथे जीव येतोय असं वाटायचं. दीड महिन्यात सात चेहरे झाले. मग आठ दिवसांत सगळं उतरलं. आंघोळीलाही उठवेना. भाऊ डॉक्टरांकडे घेऊन गेला, औषध सुरू झालं, तिसऱ्या आठवड्यात जरा झोप लागू लागली. तेवढ्यात, ज्यांना मी फार मानायची अशा एका ज्येष्ठ कलावंतांना मी हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "गोळ्यांनी माणूस बरा होतो, कलाकार मरतो." मी घरी आले आणि उरलेल्या गोळ्या मोरीत टाकल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, घरी सांगितलं नाही, एकदम बंद. पुढचे अकरा महिने मी मातीला हात लावू शकले नाही.

पुन्हा उपचार सुरू झाले, या खेपेला लिथियम, म्हणजे मनाचे टोकाचे चढ-उतार आवरणारं औषध. सावकाश बरी झाले आणि एक दिवस त्या सात चेहऱ्यांवरची गोणपाटं काढली. सातही चेहरे एकाच बाईचे होते, सगळ्यांची मान एकाच बाजूला वळलेली. कान कुणालाच नव्हते. घाईत जाड-पातळ थापलेली माती वाळताना तडकली होती, दोघींची नाकं गळून पडली होती. त्या रात्रींत मला वाटत होतं की असं काम आजवर कुणी केलेलं नाही. प्रत्यक्षात मी एकच चेहरा सात वेळा करत होते आणि मला ते कळतही नव्हतं. लपवणार नाही, त्यातला एक चेहरा खरोखर चांगला आहे. तो अजून माझ्या टेबलावर आहे. पण नंतरच्या तीस वर्षांत, रोज सकाळी बसून, पोटभर जेवून, गोळी घेऊन जे काम केलं, त्यातलं कितीतरी त्याच्या शेजारी ठेवता येतं. आणि त्याला कान आहेत.

तुझा आजार माझ्यासारखाच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील. औषधंही वेगळी असतील. भीती मात्र तीच आहे, आणि त्या भीतीचा शोध एका माणसानं नीट घेतला आहे. डेन्मार्कचे मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स स्काऊ यांनी लिथियमवर अनेक वर्षं काम केलं. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत लिथियम घेणारे चोवीस कलावंत होते. औषध सुरू झाल्यावर काम वाढलं की घटलं? बारा जण म्हणाले, वाढलं. सहा म्हणाले, फरक नाही. सहा म्हणाले, घटलं. हे शेवटचे सहा तुझ्यापासून लपवायचे नाहीत मला. तू त्यांच्यातली निघालीस तर डॉक्टरांना तसंच सांगायचं, की मी चित्रकार आहे, सगळं बोथट वाटतं, हात जड झालाय. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. आपल्या मनानं बंद तेवढं करायचं नाही. आणि पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही म्हणून निराश होऊ नकोस, अशा औषधांचा गुण यायला बरेचदा काही आठवडे जातात. चोवीस माणसं म्हणजे फार नव्हेत. पण मला सल्ला देणाऱ्या त्या कलावंतांनी एकालाही विचारलेलं नव्हतं.

(लिथियम घेणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी : आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात पाण्याची हयगय करू नका. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. मी मे महिन्यात पाण्याच्या बाटलीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही, आणि रक्ताची तपासणी चुकवत नाही.)

तुझ्या मित्राशीही बोलायचं आहे. व्हॅन गॉग १८८९ च्या मे महिन्यात स्वतःहून सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि तिथे वर्षभर राहिला. त्या वर्षात त्यानं दीडशेच्या आसपास चित्रं रंगवली, हे खरं. पण झटका आला की आठवडेच्या आठवडे काम बंद पडायचं. झटक्यात तो रंग खायचा, म्हणून रंग त्याच्यापासून दूर ठेवावे लागले. चित्रं झाली ती मधल्या बऱ्या दिवसांत, खिडकीतून दिसणारं शेत आणि आवारातली झाडं बघत. त्याला बरं व्हायचं होतं, तो त्यासाठीच तिथे गेला होता. सदतिसाव्या वर्षी तो गेला. आणखी तीस वर्षं मिळाली असती तर त्यानं काय काय रंगवलं असतं, हा प्रश्न तुझ्या मित्राला का पडत नाही?

आता प्रदर्शनाचं. चित्रं चादरीत बांधून आणली आणि हात थांबला, हे वाचताना मला बाबा दिसले. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस ते जेवायलासुद्धा घरात यायचे नाहीत. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. बारीक कुंचला, उजव्या मनगटाखाली डाव्या हाताचा आधार, श्वास रोखलेला. जमिनीला धक्का बसू नये म्हणून आम्हा पोरांना तेव्हा कारखान्यात पाय टाकायची बंदी असायची. आम्ही दाराच्या फटीतून बघायचो. दुसरा डोळा झाला की बाबा दोन पावलं मागे सरायचे, आणि तेवढ्यात मूर्तीच त्यांच्याकडे बघायला लागलेली असायची.

चतुर्थीला दुपारपर्यंत कारखाना रिकामा. जमिनीवर गुलाल, तणसाच्या काड्या, सुतळीचे तुकडे. बाबा त्या रिकाम्या पाटांसमोर बसून राहायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. आई आम्हाला सांगायची, "आज बाबाले काही मागू नका." संध्याकाळी मात्र ते उठायचे, झाडू मारायचे आणि देवीच्या मूर्तींसाठी माती भिजत घालायचे. ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, पाणी घालायचं, वरून ओलं गोणपाट. मूर्ती करायला बसायचे ते माती मुरल्यावर, दोन-तीन दिवसांनी. मधल्या दिवसांत ते झोपायचे, दाढी करायचे, आम्हाला घेऊन अंबाझरीला जायचे. आम्हाला वाटायचं, बाबा माती मुरायची वाट बघताहेत.

मारबत करणाऱ्यांचं तर याहून कठीण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत" म्हणत सगळं शहर रस्त्यावर येतं आणि ती मूर्ती जाळून टाकतात. ज्यांनी ती केली ते त्याच गर्दीत कुठेतरी उभे असतात. लहानपणी मला ते बघवत नसे.

तुला मधले दिवस कुणी दिलेच नाहीत, तूही घेतले नाहीस. तीन दिवस शेकडो डोळे तुझ्यावर होते. सोमवारी ऑफिस, आणि रात्री गच्चीवर जाऊन पुढच्या चित्राची वाट. असं रितं होणं प्रदर्शनानंतर जवळजवळ प्रत्येकाला होतं आणि आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. तुझं अडीच महिने झाले तरी ओसरलं नाही, झोप आणि चवही घेऊन गेलं, म्हणून डॉक्टर.

नोकरी आत्ता सोडू नकोस. तीन तासांच्या झोपेवर एवढा मोठा निर्णय नको. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे, त्या वसंतराव देशपांड्यांनी किती तरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. सहा महिने नीट झोप, मग मला पुन्हा लिही. तेव्हा कदाचित मीच सोड म्हणेन.

राहिली ती म्हातारी. ती लागली हे मला आवडलं. तू "एक गरीब बाई दिसली" असं लिहिलं नाहीस, गाडीखाली चेंगरलेले टमाटर लिहिलेस. एवढ्या थकव्यातही तुझा डोळा नेमकं बघतो आहे. माझा अनुभव सांगते, औषधानं हे बघणं गेलं नाही. बघून झाल्यावर घरी येऊन जेवता येऊ लागलं. म्हातारीचं चित्र आत्ता काढू नकोस. टमाटर काढ. साधी वही, पेन्सिल, पंधरा मिनिटं, संध्याकाळी दिवेलागणीला. आणि गच्चीवर नको, मे महिन्यात ती खोली भट्टी होते. खाली कूलरसमोर बस, आई भाजी निवडत असेल तिथेच.

त्या चादरी या रविवारी सोड. एकटीनं नको, आईला वर बोलाव, एक टोक तिच्या हातात दे. चित्रं बघवली नाहीत तर भिंतीकडे तोंड करून लावून ठेवा. चादरी धुवायला टाका.

प्रश्न : माझा मुलगा झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो. दिवाळीनंतर वडसाला जातो तो होळीपर्यंत तिकडेच. यंदा त्याला मुलगी गमावलेल्या बापाची भूमिका होती. घरी येऊन महिना झाला, पण नीट बोलत नाही, आईवर चिडतो, दिवसभर पडून असतो. त्याला नाटक सोडायला सांगू का?

उत्तर : नका सांगू, भाऊ. आधी त्याच्या रात्री मोजा. ही नाटकं रात्री उशिरा सुरू होतात आणि पहाटेपर्यंत चालतात. मग गाडीत सामान, दुसरं गाव, दुसरी रात्र. असे चार महिने, आणि प्रत्येक रात्री लेक मेल्याचं रडायचं. नाटक आहे हे त्याच्या मनाला माहीत असतं, पण घसा, छाती आणि डोळे खरेच रडलेले असतात. महिनाभर झोपला तर झोपू द्या. आता महिना झाल्यावरही आंघोळ-जेवण सुटलेलं दिसलं तर डॉक्टरांकडे न्या, वर त्या मुलीला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. त्याच्यासोबत काम करणाऱ्या कुणाला तरी दोन दिवस घरी जेवायला बोलवा. त्या भूमिकेबद्दल तो तुमच्याशी बोलणार नाही, त्याच्याशी बोलेल.

आणि एक विचारायचं आहे. तुमच्या पत्रात भूमिका कोणती ते आहे, तो किती दिवस बाहेर असतो ते आहे. तुम्ही त्याला ती करताना पाहिलं, असं कुठे नाही. येत्या दिवाळीनंतर एक रात्र काढा आणि दोघं जाऊन प्रयोग बघा. त्याच्या आईसाठी शाल घ्या, पहाटे तिकडे फार गारठा असतो.