खोली लहान आहे म्हणून घाबरू नकोस

अगं, दहा बाय बाराच्या खोलीत मूल मागे पडेल ही धास्ती आधी सोड. मी भांडुपला बालवाडी चालवते. चाळीतली, टॉवरमधली, सगळीकडची मुलं येतात. मूल घडतं ते घरातल्या माणसांच्या वागण्यातून. दीड वर्षाच्या लेकरासाठी आत्ता एवढंच बघ:

- बोलणं. मटार सोलताना एक शेंग त्याच्या हातात दे. तो "बा" म्हणाला की हातातलं काम थांबव, त्याच्याकडे बघ, "हो रे, मटार! हिरवा हिरवा!" म्हण आणि तो काय म्हणतो त्याची वाट बघ. भाषा याच देवाणघेवाणीतून येते, दिवसभर चालू असलेल्या टीव्हीतून नाही.
- झोप. दुपारची धरून 11 ते 14 तास. बाबा उशिराच्या लोकलने येतात म्हणून त्याला जागवू नका. सकाळचा वेळ बाबांचा ठेवा.
- भांडणं. होणारच, पण आरडाओरडा त्याच्यासमोर नको. झालाच तर त्याला जवळ घ्या आणि तुम्ही परत नीट बोलताय हे त्याला दिसू द्या.

नवे आईबाप हमखास चुकतात ते मोबाइल दाखवून भरवण्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय: एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, दोन वर्षांनंतरही दिवसाला जास्तीत जास्त एक तास. सासूबाई सांभाळत असतील तर हे प्रेमाने सांग, त्यांचा मोठा आधार आहे तुला.

शाळा, क्लास यांचा विचार आत्ता नको. मात्र हाक मारल्यावर तो वळून बघत नसेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" असं कुणी म्हटलं तरी न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखव.