रीडमीमधली ‘हेल्पर स्टोअर’ची ओळ नुसती खोडून भागेल का?

प्रश्न असा: दारव्हा तालुक्यातल्या तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या कापूस-नोंदणी सॉफ्टवेअरच्या रीडमीत (सोबतच्या माहिती-फाइलीत) ‘क्रेडेन्शियल हेल्पर स्टोअर ठेवा, पासवर्ड एकदाच टाका’ असं लिहिलंय, ते काढावं का?

काढाच. पण रीडमीतून ओळ गेली म्हणून नोंदणी केंद्रावरच्या पीसीत केलेलं सेटिंग जात नाही.

हेल्पर म्हणजे गिटसाठी (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) लॉगिन लक्षात ठेवणारा मदतनीस. त्यातला ‘स्टोअर’ होम फोल्डरमध्ये .गिट-क्रेडेन्शियल्स नावाची फाइल बनवतो. नोटपॅडमध्ये उघडून बघा: युजरनेम, कोलन, टोकन (पासवर्डऐवजी चालणारा लांबलचक गुप्त कोड), मग @ आणि सर्व्हरचं नाव, सगळं उघडंवाघडं. काट्याजवळच्या पीसीवर चौघं एकाच लॉगिनने बसत असतील तर ते टोकन चौघांचंही. ‘पासवर्ड’ हा शब्दही शिळा झालाय. गिटहबने (गिटमधला कोड ठेवायची वेबसाइट) 13 ऑगस्ट 2021 पासून पुश-पुलसाठी (कोड सर्व्हरवर चढवणं-उतरवणं) खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. आता टोकन नाहीतर एसएसएच की (पीसीवर ठेवलेली किल्ली-फाइल).

आधी सर्व्हरवर जाऊन ते टोकन रद्द करा, फाइल नंतर उडवा. उलट केलंत आणि कोणाच्या पेनड्राइव्हवर कॉपी असली, तर रद्द करेपर्यंत टोकन जिवंतच. मग हे चालवा: ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल --अनसेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर’.

बहुतेक जण इथंच फसतात. जुना हेल्पर न काढता नवा जोडला तर दोन्ही चालू राहतात, आणि लॉगिन जमलं की गिट ते दोघांनाही जपून ठेवायला सांगतं. म्हणजे उडवलेली फाइल परत हजर! ‘गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर’ने कोणता हेल्पर कुठल्या फाइलमधून येतो ते दिसतं.

विंडोजवर हेल्परचं नाव ‘मॅनेजर’ ठेवा. जुन्या कागदांतलं ‘मॅनेजर-कोअर’ आता चालत नाही. लिनक्सवर ‘कॅशे’ चालेल. तो फक्त मेमरीत, 900 सेकंद ठेवतो. लाइन गेली की विसरतो, आणि आपल्याकडे लाइन किती वेळा जाते ते सांगायला नको. विंडोजचा मॅनेजरही लॉगिनपुरताच वेगळं ठेवतो, तेव्हा चौघांना चार विंडोज खाती काढून द्या. केंद्रावर फक्त पुल करायचं असेल तर वाचण्यापुरती डिप्लॉय की (एकाच प्रकल्पापुरती चालणारी एसएसएच की) पुरे.

रीडमीत जुन्या ओळीच्या जागी लिहा: ‘पूर्वी इथे स्टोअर सांगितलं होतं, तुम्ही ते केलं असेल तर हे करा’, आणि खाली वरच्या पायऱ्या. पीसीमागच्या भिंतीवर चिकटवलेली प्रिंटही त्याच दिवशी बदला. केंद्रावर रीडमीपेक्षा तीच जास्त वाचली जाते.