काचेवर एफटीओचा (फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साईडचा, वीज वाहणारा पारदर्शक) थर देताना

तापलेल्या काचेवर द्रावण फवारून दिलेला पहिला थर दुधाळ आला म्हणून खचू नकोस. थंड झाल्यावर बोटाने पुसून बघ. निघाला तर ती हवेतच बनून बसलेली पूड आहे, नोझल जरा जवळ आण. हॉटप्लेटवर ४५० अंश दिसले तरी काचेचा वरचा पृष्ठभाग थंडच असतो, आणि प्रत्येक फवाऱ्याने आणखी उतरतो. म्हणून दोन-तीन सेकंद फवार, थांब, पुन्हा फवार. इथेच सगळी मेहनत आहे!

ऐरोलीच्या पावसाळी हवेत टिन क्लोराईड ओल ओढतं, वजन चुकतं, मग फ्लोरीनचं प्रमाणही. बाटली लगेच बंद कर. अमोनियम फ्लोराईडचं द्रावण प्लास्टिकच्याच भांड्यात ठेव, हातमोजे घालूनच हात लाव. फ्यूम हूडशिवाय (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाशिवाय) फवारायचं नाही, अजिबात नाही. थराचा विद्युत रोध मल्टिमीटरने नको, चार टोकांच्या प्रोबने मोज.